बदलीच्या नोकरीतला महाराष्ट्र

महाराष्ट्राचे ३६ जिल्हे सहा महसुली विभागांत वाटलेले आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. बहुतेकांच्या आयुष्यात यांतले एक-दोनच येतात. बाकीचे बातम्यांत किंवा सोयरिकीच्या निमित्ताने भेटतात. बदलीच्या नोकरीतल्या माणसाचे तसे नसते. तहसीलदार, पोलीस निरीक्षक, वैद्यकीय अधिकारी, वनाधिकारी, बँकेचा शाखाधिकारी यांना राज्यात कुठेही जावे लागते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा संवर्ग जिल्ह्यापुरता असला, तरी नोकरी लागते एका टोकाला आणि घर असते दुसऱ्या टोकाला, असे पुष्कळदा घडते. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने एका पदावरचा काळ साधारण तीन वर्षांचा धरला आहे. तीन वर्षे म्हणजे तीन उन्हाळे, तीन पावसाळे आणि मुलांच्या तीन इयत्ता. पाहुण्याला एवढा मुक्काम घडत नाही, आणि गावकऱ्याला ताडून पाहायला दुसरे गाव नसते. म्हणून कोणत्या प्रदेशात राहणे कसे, याची खडान्‌खडा माहिती या वर्गाकडे असते. ती कार्यालयातल्या चहाच्या वेळी सांगितली जाते आणि तिथेच संपते.

एप्रिल-मे हा बदल्यांचा मोसम. या दिवसांत गावांना दोनच प्रतींत टाकले जाते: मागून घेण्याची गावे आणि शिक्षेची गावे. ‘गडचिरोली दाखवीन’ ही वरिष्ठांची जुनी धमकी, आणि पुण्याच्या आसपासची खुर्ची म्हणजे नशीब फळफळले असा समज. रुजू झाल्यावर मात्र चौकशी अगदी साध्या गोष्टींची होते. पिण्याचे पाणी कुठून येते, शाळा कितवीपर्यंत आहे, रात्री-अपरात्री दवाखाना किती लांब, सरकारी क्वार्टर मिळते का आणि मिळाली तर ती गळते का, घरी जायला किती गाड्या बदलाव्या लागतात. या पाच प्रश्नांच्या उत्तरांत सगळे फायदे-तोटे येऊन जातात. अनेक ठिकाणी राहिलेल्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट येते. प्रदेशाची सोय आणि गैरसोय सहसा एकाच कारणातून निघतात, त्यामुळे एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही.

कोकण हे याचे ठळक उदाहरण. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटावरून आलेल्या माणसाला पहिल्या जूनमध्ये हिरवळीची भूल पडते आणि जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी दिसते. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, मुलांच्या प्रमाणपत्रांचे कागद लिबलिबीत होतात, झाड तारेवर पडले की दोन-दोन दिवस वीज नसते. स्थानिक माणसे यावर आगोटीचा तोडगा काढून बसलेली असतात. मे संपायच्या आत लाकूडफाटा, तांदूळ, कुळीथ, आमसुले आणि सुकी मासळी घरात भरली जाते. बाहेरून आलेला कर्मचारी पहिल्या वर्षी याला हसतो आणि दुसऱ्या वर्षी स्वतः सुकट शोधत फिरतो. गंमत अशी की, एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. उतारावरून ते समुद्राला मिळते आणि सड्यावरच्या वाड्यांच्या विहिरी तळाला जातात.

कोकणातल्या नोकरीचे सुख शांततेत आहे. माणसे कमी, आवाज कमी, कोणी उगाच दाराशी येऊन बसत नाही. पण शांततेचे कारण हेच की, तरुण मुंबईला गेलेले आणि निम्मी घरे कुलपात. शाळेत पट दोन आकडी झाला तर शिक्षक खूश होतो. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की गाव भरते, आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा ओसरते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईचा प्रवास सुसह्य झाला. मराठवाड्यातून आलेल्या कर्मचाऱ्याला मात्र घरी जायला घाट चढून दोन-तीन गाड्या बदलण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तो रुजू झाल्या दिवसापासून मनात लिहीत असतो. त्या बदलीत सेवाज्येष्ठता जाते आणि नव्या जिल्ह्यात सगळ्यांच्या शेवटी नाव लागते. तरीही अर्ज केले जातात, यावरून घराची ओढ किती असते हे कळते. अशी माणसे परत गेली की मागे रिकाम्या जागा राहतात, आणि वाडीवरची एकशिक्षकी शाळा आणखी वर्षभर तशीच चालते.

परक्या प्रदेशातून आलेल्या नजरेला स्थानिकांच्या अंगवळणी पडलेले दुखणे दिसते, याचे कोकणातले उदाहरण डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या डेहेडचा हा डॉक्टर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आला. लाल विंचवाच्या दंशाने तिथे माणसे, विशेषतः मुले, दगावत आणि गावाने ते नशिबाचे म्हणून सोडून दिले होते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली आणि प्रॅझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. आडगावच्या नेमणुकीची ही दुसरी बाजू: साधने नसतात, पण प्रश्न समोर उघडा पडलेला असतो आणि त्यावर काम करायला वेळ असतो. प्रत्येक जण बावस्कर होत नाही, हेही खरे. बहुतेकांचा तो वेळ परतीच्या बदलीची चक्रे फिरवण्यात जातो.

घाट चढून पश्चिम महाराष्ट्रात आले की पाचही प्रश्नांची उत्तरे चांगली मिळतात. रस्ते आहेत, तालुक्याच्या गावी शाळा-महाविद्यालये आहेत, मिरजेसारख्या ठिकाणी रुग्णालयांची जुनी परंपरा आहे. पाटपाणी, दूध संघ आणि साखर कारखाने यांनी हा भाग उभा केला. प्रवरानगरच्या कारखान्याने १९५० साली गाळप सुरू केले, तेव्हापासून सहकार इथल्या खेड्यांचा कणा झाला. त्याच सहकाराने कर्मचाऱ्याची डोकेदुखीही निर्माण केली. प्रत्येक गावात दोन-तीन गट, प्रत्येक गटाला कारखान्याचा किंवा बँकेचा आधार, आणि साध्या नोंदीच्या कामातही दोन बाजूंचे दोन फोन. विदर्भातल्या आडवळणी तालुक्यात जो निर्णय तहसीलदार दुपारी घेऊन संध्याकाळी विसरतो, त्यासाठी इथे आठवडाभर लोक भेटायला येतात. नियम पाठ नसलेल्या माणसाचे इथे हसे होते. पुरावा मागणारा, माहिती अधिकाराचा अर्ज टाकणारा नागरिक इथे जागोजागी आहे. काम शिकायचे असेल तर हे चांगलेच.

मात्र जिल्ह्याच्या नावावर जाऊ नये. साताऱ्याला बदली झाली म्हणून पेढे वाटणाऱ्याला माणमध्ये पाठवतात तेव्हा त्याला कळते की एकाच जिल्ह्यात दोन हवामाने आहेत. महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडी-म्हसवडला जेमतेम ५००, मधले अंतर दिवसात जाऊन येण्यासारखे. सांगलीत कृष्णाकाठ आणि जत, अहिल्यानगरात राहुरी आणि पाथर्डी, पुण्यात हवेली आणि वेल्हे यांचीही तीच तऱ्हा. सुपीक नदीकाठचीही किंमत असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी चढले तेव्हा पंचनामे करणाऱ्या कित्येकांची स्वतःची घरे पाण्याखाली होती.

मराठवाड्याची ओळख बाहेरच्यांना पाण्यावरून असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात तिथे नोकरीला असलेल्यांच्या घरात भांड्यांचा पाण्याच्या दर्जाप्रमाणे क्रम लागलेला असे: पिण्याचे, स्वयंपाकाचे, धुण्याचे, आणि धुण्याचेच उरलेले झाडांना. भाड्याचे घर बघताना खोल्या आधी मोजत नाहीत. बोअरला पाणी आहे का आणि हौद किती लिटरचा, हे आधी विचारतात. पण कोरड्या हवेचे गुणही आहेत. धान्य वर्ष-वर्ष टिकते, घरात ओल नसते, सर्दी-खोकल्याने बेजार झालेली कोकणातली मुले इथे सुधारतात. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली की ओळखीच्या शेतकऱ्याचे बोलावणे ठरलेले, आणि नाही म्हटलेले त्याला खपत नाही. लातूर आणि नांदेड या शहरांनी बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत नाव कमावल्यामुळे, ज्या प्रदेशाला लोक मागास म्हणत, तिथे आता इतर जिल्ह्यांतले कर्मचारीही मुलांसाठी बिऱ्हाड ठेवतात.

मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र अशा दोन्ही ठिकाणी काम केलेल्या शिक्षकाला एक गोष्ट दिसते, जी एकाच ठिकाणी राहिलेल्याला अर्धीच दिसते. बीड जिल्ह्यातल्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली बाके रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात आणि लहान भावंडे सांभाळायला मोठी मुलगी बरोबर गेलेली असते. हंगामी वसतिगृह उघडून काही मुले गावात ठेवली जातात. सगळी राहत नाहीत. शिक्षक हजेरीपटावर लाल शाईने खुणा करतो आणि मार्चमध्ये मुले परत आल्यावर बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा या चिंतेत असतो. तोच शिक्षक बदलून सांगली-कोल्हापूरकडे गेला की त्याला उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या दिसतात, आणि आसपास हिंडणारी शाळेच्या वयाची मुले. तिथल्या शाळेच्या पटावर ती नसतात, गावाला ती आपली वाटत नाहीत. एका प्रदेशाची सुबत्ता आणि दुसऱ्याची रिकामी बाके एकाच हंगामाची दोन टोके आहेत. प्रदेशांचे फायदे-तोटे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची पद्धत इथे अपुरी पडते.

खानदेशात राहण्याची मुख्य परीक्षा उन्हाळ्याची. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. बाकी केळी, भरीत आणि रेल्वे यांनी हा भाग सोयीचा आहे. भुसावळहून मुंबई, नागपूर, दिल्ली कुठेही जाता येते. नंदुरबारचा सातपुड्याकडचा भाग मात्र वेगळाच. धडगाव-अक्कलकुव्यात पाडे डोंगरावर विखुरलेले, बोली भिलोरी-पावरी, आणि नर्मदेच्या फुगवट्याच्या काठच्या गावांना आरोग्य पथक बोटीने जाते. इथे आलेल्या परिचारिकेला सायकल-मोटारसायकलीपेक्षा चालण्याची सवय लागते.

विदर्भाचे पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग कर्मचारीही पाडतात. अमरावती-अकोला-यवतमाळ हा कापूस-सोयाबीनचा काळ्या मातीचा पट्टा. मेळघाट सोडला तर जगणे मराठवाड्याशी मिळतेजुळते. पूर्वेला भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे धान, तळी आणि जंगल. मालगुजारांनी बांधलेले तलाव अजून शेतांना पाणी देतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्याबद्दल सांगावे तेवढे थोडे: पारा ४६-४७ वर, दुपारी रस्ते ओस, कूलरशिवाय झोप नाही, आणि कार्यालयीन कामाचा जोर सकाळीच. पश्चिमेकडून आलेल्याला आणखी एक गोष्ट जाणवते, ती बोलण्यातला जिव्हाळा. अनोळखी माणूसही ‘या ना जी’ म्हणतो, आणि घरी बोलावले की जेवल्याशिवाय सोडत नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, रात्रभर नाटक चालते. देसाईगंज-वडसा हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघणारा प्रेक्षक पुण्या-मुंबईतून बदलून आलेल्या नाट्यप्रेमीला चकित करतो.

गडचिरोली जिल्हा १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळा झाला. तीन चतुर्थांशाहून अधिक भूभाग जंगलाखाली, आणि जिल्ह्याच्या ठाण्यापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरांच्या पुढे. इथली नेमणूक ही शिक्षाच आहे, असे मानून येणारे पुष्कळ. पहिले सहा महिने खरोखरच कठीण जातात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, हिवतापाची धास्ती असते, गंभीर रुग्णाला चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. माडिया-गोंडी येत नसेल तर दुभाषा लागतो; सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली. नक्षलवादाच्या काळात संध्याकाळनंतर बाहेर न पडण्याचा शिरस्ता होता, आणि पोलिसांचा धोका तर वेगळ्याच जातीचा. २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना वरच्या स्तराची वेतनश्रेणी दिली. तेवढ्यासाठी कोणी आनंदाने येत नाही, पण आलेला थोडा थांबतो.

आणि तरीही याच जिल्ह्यात माणसे रमलेली दिसतात. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. बंग दांपत्याचे ‘सर्च’ १९८६ पासून काम करते. यांची गोष्ट निराळी, ती आपणहून आलेली माणसे. आदेशाने आलेल्यांचाही अनुभव असा की, इथे एका माणसाच्या कामाने फरक पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. शिधापत्रिका मिळवून दिली, वनहक्काचा दावा नीट लिहून दिला, आश्रमशाळेत शिकवणारा माणूस रोज हजर राहिला, की गाव ते विसरत नाही. पुण्याजवळच्या कार्यालयात शंभरांतला एक असलेला माणूस इथे तालुक्याचा आधार ठरतो. हे सुख कोणाकोणाच्या डोक्यात जाते, तेही नमूद करायला हवे. वरिष्ठ लांब, तपासणी क्वचित, तक्रार करणारा नागरिक दबलेला. अशा ठिकाणी कामचुकारालाही मोकळे रान मिळते. जो एकांत चांगल्या कर्मचाऱ्याला हात मोकळे देतो, तोच वाईट कर्मचाऱ्याला झाकतो.

मुंबईबद्दल थोडक्यात. इथे केईएम आणि टाटासारखी रुग्णालये आहेत, कोणत्याही विषयाचे शिक्षण आहे, रात्री दोनला चहा मिळतो आणि जातपात-गाव विचारल्याशिवाय शेजार होतो. सरकारी निवासस्थान मिळाले तर मुंबईसारखी जागा नाही. नाही मिळाले तर बदलापूर, कर्जत, टिटवाळा किंवा विरार, आणि रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये. नळाला चोवीस तास नसले तरी रोज पाणी येते. ते येते तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून, आणि ही धरणे ज्या भागात आहेत त्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. शहापुरात नोकरी करून मंत्रालयात बदलून आलेला माणूस मुंबईतला नळ सोडताना जरा वेळ तो आवाज ऐकत राहतो.

प्रदेश बदलला की कागदही बदलतात, आणि महसुली नोकरीत याचा त्रास हवापाण्याइतकाच असतो. १९६० साली राज्य एक झाले, पण अभिलेख कक्षात जुनी राज्ये अजून शेजारी-शेजारी बसलेली आहेत. कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तिच्यातून निघालेले कुळांचे तंटे राहिले, आणि काही गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस हिस्सेदारांची नावे असतात, त्यांतले अर्धे मुंबईत. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक मागितले जाते आणि निजामकाळातली कागदपत्रे उर्दूत. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या मागे राहिलेले अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक पाहावे लागते. गुरचराई, सरपण, मुरूम कोणी कुठून घ्यायचा हे त्यात लिहिलेले असते आणि पश्चिमेकडून आलेल्याने ते नावही ऐकलेले नसते. देशावर आणि कोकणात जुनी दप्तरे मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यात शोधावी लागली. दहा वर्षे एका विभागात मुरलेला कारकून दुसऱ्या विभागात जाऊन पुन्हा उमेदवार होतो. याला तोटा म्हणायचे की फायदा, हे त्याच्या वयावर आणि शिकण्याच्या हौसेवर अवलंबून आहे.

पैशाचा हिशेबही सरळ नाही. सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्क्यांपासून सुरू झाला. मुंबई-पुण्याला सर्वांत वरचा दर मिळूनही तो खऱ्या भाड्याला पुरत नाही. लहान तालुक्याच्या गावी सर्वांत खालच्या दरातही बरे घर मिळते. मात्र लहान गावी वाचलेले पैसे दुसऱ्या बिऱ्हाडात जातात. मुले आठवीच्या पुढे गेली की बायको-मुले जिल्ह्याच्या शहरात आणि नोकरदार माणूस एकटा मुख्यालयात, ही व्यवस्था इतकी रूढ आहे की तिच्याबद्दल कोणी खंतही करत नाही. पत्नीही नोकरीत असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत शनिवार-रविवारचा संसार. मुख्यालयी राहण्याची सक्ती कागदावर आहे. प्रत्यक्षात अप-डाऊन चालते, आणि सकाळची पहिली एसटी किंवा पॅसेंजर गाडी हे कित्येक तालुक्यांचे खरे हजेरीपुस्तक असते. अप-डाऊन करणाऱ्याला त्या प्रदेशाचे ना सुख लागते ना दुःख. तीन वर्षांनी त्याला गावाबद्दल विचारले तर तो बसस्टँडबद्दल सांगतो.

अनुभवी माणसे नवख्याला सल्ला देतात तो वयाच्या हिशेबाने. लग्नाआधी किंवा मुले लहान असताना दुर्गम भाग मागून घ्यावा. अंगात दम असतो, जबाबदारी कमी असते आणि कामाची ओळख चांगली होते. मुले दहावी-बारावीला असताना लातूर, नांदेड, नागपूर, पुणे अशा ठिकाणाजवळ यावे. आईवडील थकले की स्वतःच्या जिल्ह्यासाठी विनंती अर्ज करावा. शासनाच्या वाटपाला हा क्रम ठाऊक नसतो. तिशीत पुणे मिळते आणि पन्नाशीत गडचिरोलीतले धानोरा, आणि गुडघे दुखायला लागल्यावर जंगलातली चौकशी येते. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरांचे अंतर एका दिवसात कापता येते, तेव्हा निदान आजारी आईला भेटायला जाणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. गोंदियातून सावंतवाडीला जाणाऱ्याचे दोन दिवस मात्र अजूनही जातात.

निवृत्तीनंतर यांतली फार थोडी माणसे मूळ गावी परततात. निवृत्तिवेतन कुठेही मिळते, म्हणून मुक्काम ठरतो तो मुले जिथे शिकली आणि फ्लॅटचे हप्ते जिथे फेडले त्या शहरात. जो प्रदेश नोकरीत सर्वांत जास्त आवडला, तिथे सहसा कोणी राहायला जात नाही. तिथल्या ओळखीच्या घरी लग्नाला मात्र न चुकता जातात.